एलएलपी काढताय? नाशिकमध्ये वकील कसा बघायचा

माझा मामेभाऊ आणि त्याचा मित्र, दोघांनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं युनिट टाकलं तेव्हा एलएलपी (म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, धंद्याचं कर्ज सहसा भागीदाराच्या घरापर्यंत येत नाही) ऑनलाइन स्वस्तात काढून घेतली, करारनामा म्हणजे छापील नमुना, नावं तेवढी बदललेली. भावाचे पैसे जास्त, मित्र दिवसभर मशीनवर, आणि नफा कोणाला किती हे कागदावर कुठेच नाही. असं असलं की २००८ च्या एलएलपी कायद्याचं पहिलं परिशिष्ट लागू होतं, म्हणजे नफा-तोटा सारखा वाटायचा आणि कामाचा पगार कोणालाच नाही. दोघांचं बोलणं बंद झालं हो. म्हणून सांगतोय, वकिलाची फी करारनाम्यासाठी द्या, नोंदणीचे फॉर्म तर सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) हेही भरून देतात.

आधी दोघांनी घरी बसून साध्या वहीत लिहा: पैसे कोणाचे किती, वाटा किती, पगार कोण घेणार, बँकेत सही कोणाची, आणि उद्या एकजण बाहेर पडला किंवा वारला तर हिशोब कसा. हे बोलायला जड जातं, पण आत्ताच बोला. पुढे बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेड बरी, कारण एलएलपीत शेअर नसतात.

मग वकील शोधा. वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे विचारूनच शोधावं लागतं. तुमचा सीए, निमा-आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांचे मेंबर, आधीच एलएलपी चालवणारे ओळखीचे. सीबीएसजवळच्या (जुन्या एसटी स्टँडजवळच्या) कोर्टात वकील भरपूर आहेत पण बरेचजण दिवाणी-फौजदारीवाले, तुम्हाला भागीदारी-कंपनीचं काम केलेला हवा.

पहिल्या भेटीत सरळ विचारा, एलएलपीचे किती करार स्वतः लिहिलेत, एखादा नावं झाकून दाखवाल का. आणि तुम्ही वकील कोणाचे, माझे का दोघांचे? दोघांचे हित वेगळं होत असेल तर करार सही करण्याआधी आपापल्या माणसाला दाखवून घ्या. फी लेखी घ्या, त्यात सरकारी फी, स्टँप ड्युटी, डिजिटल सही आणि त्यांची फी वेगवेगळी दाखवलेली पाहिजे.

कागद: पॅन, आधार, फोटो, ऑफिसचं लाइटबिल (दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही), मालकाची एनओसी. एमआयडीसीच्या गाळ्यात पोटभाड्याने असाल तर त्याची परवानगी आहे का ते वकिलाला आधीच सांगा.

करार नोंदणीच्या आधीच तयार ठेवा, कारण नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत तो सरकारकडे फॉर्म ३ मध्ये भरावा लागतो, आणि घाईत परत तोच छापील नमुना गळ्यात पडतो. दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशोबाचं विवरण) कोण भरणार हेही तेव्हाच ठरवून घ्या, धंदा झाला नाही तरी ते भरावेच लागतात.

अजून एक, बँकेला पर्सनल गॅरंटी दिलीत तर त्या कर्जापुरती एलएलपीची मर्यादित जबाबदारी कामाला येत नाही, गॅरंटीचा कागद सही करण्याआधी वकिलाला वाचायला द्या. आणि डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) दुसऱ्या कोणाच्याही ऑफिसात ठेवू नका, तुमच्या कपाटात ठेवा.