मोठी मोटरहोम घेऊन मराठवाड्यात आलात? आधी काटा करा

मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन नव्यानं इकडं राहायला आलेल्यांना मी घर, शाळा, बाजार हे सगळं नंतर सांगतो. आधी टायरच्या हवेचं विचारतो. मी मूळचा मालवणचा, आता पुरता जालन्याचा झालोय. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना दहा-बारा टनांच्या गाडीचं पुढचं टायर फुटणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

पंक्चरवाल्याकडं गेलात की तो विचारणार, "किती पाउंड (हवेचा दाब, पीएसआय) भरू, साहेब?" टायरच्या बाजूवर छापलेला आकडा सांगून मोकळे होऊ नका. ती हवा त्या टायरच्या कमाल भारासाठी असते. तुमच्या गाडीचा भार वेगळा. शेजारच्या ट्रकवाल्याचा आकडाही तुमच्या कामाचा नाही.

काटा करूनच, म्हणजे गाडीचं वजन करूनच, आकडा ठरतो. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यांमुळे वजनकाटे शोधावे लागत नाहीत. इतरत्र जिनिंग किंवा साखर कारखान्याजवळ विचारा. गाडी प्रवासाला निघते तशी भरून न्या: डिझेल, गॅस, भांडीकुंडी, माणसं आणि पाणी. पाणी विसरूच नका. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, असा हा मुलूख. इथं राहिलात की टाकी काठोकाठ भरूनच निघायची सवय तुम्हालाही लागेल. ३०० लिटर म्हणजे ३०० किलो, तेही बऱ्याचदा एकाच बाजूला.

पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला. काटा जमिनीच्या पातळीत असेल तर फक्त एका बाजूची चाकं वर घेऊन डाव्या-उजव्याचंही वजन घ्या. समजा पुढं डावीकडं २४५० किलो भरलं आणि उजवीकडं २२५०, तर दोन्हीकडं २४५० धरूनच हवा भरायची. मग टायर कंपनीच्या भार-हवेच्या तक्त्यात तुमच्या टायरच्या मापासमोर त्या भाराचा आकडा बघा. मागं जोडीची टायर असतील तर जोडीचा रकाना वाचा, कारण जोडीत प्रत्येक टायरची क्षमता एकट्या टायरपेक्षा कमी धरतात. मी त्यावर पाच पाउंड जास्त ठेवतो, पण रिमची मर्यादा बघूनच.

ही हवा थंड टायरची. पहाटे, गाडी हलवण्याआधी, ऊन पडायच्या आत मोजा. आठ वाजता पूर्वेकडच्या बाजूला ऊन लागलं की तिकडची टायर जास्त दाखवतात आणि माणूस घोटाळ्यात पडतो. शंभर पाउंडाच्या आसपास दर दहा अंशांना साधारण चार पाउंडांचा फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत भरलेले १०० मेच्या पहाटे २७ अंशांत १०६ होतात. उलट मेमध्ये भरलेली हवा थंडीत, कुठंही गळती नसताना, कमी दाखवते. म्हणून ऋतू पालटला की पुन्हा मोजायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात भले भले सांगतील, "गरम झालंय टायर, थोडी हवा काढा." काढू नका! धावून तापलेल्या टायरमध्ये १०-१५ टक्के हवा वाढणारच. तक्त्यातला आकडा ती वाढ धरूनच दिलेला असतो. हवा काढलीत तर टायर जास्त दबतं, त्याच्या बाजू जास्त वाकतात आणि ते आणखी तापतं. समृद्धी महामार्गासारख्या सलग, वेगाच्या रस्त्यावर टायर फुटायला एवढं पुरतं.

जोडीतलं आतलं टायर दगा देतं. त्याची हवा गेली तरी बाहेरचं टायर भार उचलतं आणि लांबून काही कळत नाही. हातोडी मारून आवाजावर जाऊ नका. १५० पाउंडांपर्यंतचं लांब दांड्याचं गेज घ्या; कारचं गेज इथं चालत नाही. आतल्या वॉल्व्हला हात पोचत नसेल तर धातूची नळी बसवून घ्या.

आणि गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टायरवरचा शेवटचा चार आकडी क्रमांक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं टायर. नक्षी नवी दिसत असली तरी पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा. बाजूला भेगा दिसल्या तर हवा कितीही अचूक असो, ते टायर बदला.