बाबांच्या कॅन्सरवर औषध चालेनासं झालं? या चुका टाळा

‘आता किमो देऊन उपयोग नाही, घरी न्या,’ असं डॉक्टर म्हणाले की गावात सल्ले सुरू होतात. अमक्या गावचा वैद्य जडीबुटी देतो, एकदा दाखवून तर पाहा. मग गाडी ठरते, वावर गहाण पडतं आणि दुखण्यानं पिळवटलेला बाप उन्हातून वणवण फिरतो. कळवळून सांगतो, हे करू नका. घरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘दुखणं कमी करायला काय देता? पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी सेवा, कुठे मिळेल?’

सगळ्यात जास्त हाल होतात ते मॉर्फिन या दुखणं कमी करणाऱ्या जोरदार औषधाच्या भीतीनं. नशेचं औषध आहे, सवय लागेल, ते सुरू केलं म्हणजे माणूस गेलाच, असं घरोघरी ऐकू येतं. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर किती घरांत आणला ते सांगायला नको, आणि तो वाढला की दुखणं साध्या गोळ्यांना दाद देत नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत मॉर्फिन घेतलं तर मरण लवकर येत नाही. मॉर्फिनची साधी गोळी बहुधा दर 4 तासांनी, घड्याळ पाहून द्यायची असते. बाबा कण्हू लागेपर्यंत थांबू नका. तिनं शौचाला कडक होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या. मळमळ आणि गुंगी बहुतेकांना थोड्या दिवसांत कमी होते. मात्र हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार मंदावला असेल, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. मात्रा मनानं वाढवू नका, एकदम बंदही करू नका.

ही गोळी गावच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच मिळते. 2014 मध्ये कायदा बदलून ती मान्यता देणं सोपं झालं. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा तुमचं जिल्हा रुग्णालय, इथे चौकशी करा. पेशंटला न नेता फाईल दाखवून पुढची औषधं मिळतील का, तेही विचारा.

जेवण सुटलं की भेटायला आलेले म्हणतात, ‘सलाईन तरी लावा.’ शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागत नाही. सलाईननं अंगावर सूज येऊ शकते, छातीत पाणी साचून धाप वाढू शकते. मागतील तेव्हा दोन घोट पेज द्या. गिळता येत नसेल तर ओल्या कापसानं ओठ-तोंड पुसा. बाजेवर दर 2 तासांनी कूस बदला.

आजार लपवू नका. ‘बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते सांगू का?’ एवढंच विचारा. ‘मले ठाऊक हाये, तुमीच सांगत नाही,’ असं उत्तर येऊ शकतं. नको म्हणाले तर रेटू नका. हो म्हणाले तर सातबारा, पीककर्ज, बँकेतलं वारसाचं नाव, कुणाला भेटायचं आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

आणि रात्रीचं जागरण एकट्या आईवर टाकू नका. भाऊ-बहिणींनी पाळ्या लावून घ्या, पुण्या-मुंबईत असलेल्यांनीही.