दिवाळीच्या फराळात मुलांचे हात

आमच्या बेळगाव भागात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते आणि दिवाळीच्या वाट्याला मोजकेच दिवस येतात. त्या मोजक्या दिवसांतही मुलांचे अर्धे लक्ष गल्लीतल्या किल्ल्यावर असते. माती कालवणे, बुरूज रचणे, वर अळीव पेरणे यातून ती घरात येतात, तेव्हा स्वयंपाकघरातली आई किंवा आजी त्यांना बहुतेक वेळा "इथे लुडबुड नको" म्हणून परत पाठवते. माझे म्हणणे असे आहे की, जे हात किल्ल्याचा बुरूज लिंपू शकतात, त्यांना लाडू वळणे मुळीच अवघड नाही. फक्त त्यांना खरे काम द्यायला हवे. पिठाचा एक गोळा खेळायला देऊन मुलाला कोपऱ्यात बसवले, तर आपण केलेले कोणी खाणार नाही हे त्याला लगेच कळते.

मुलांबरोबर चकली, अनारसे किंवा करंजी यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये. तीनच पदार्थ निवडावेत आणि ते तीन वेगवेगळ्या दिवशी करावेत. चूल न पेटवता होणारा पदार्थ पहिल्या दिवशी करावा. सुरुवात करण्यापूर्वी हात कोपरापर्यंत धुवून नखे पाहावीत, कारण किल्ल्याची तांबडी माती नखांत घट्ट बसलेली असते आणि नुसत्या पाण्याने ती निघत नाही.

पहिला पदार्थ डाळ्याचे लाडू. डाळे म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याची सोललेली डाळ. आमचे कन्नड शेजारी तिला पुटाणी म्हणतात, आणि दुकानात दोन्हींपैकी कोणताही शब्द चालतो. डाळे आधीच भाजलेले असल्यामुळे पीठ पुन्हा भाजावे लागत नाही आणि म्हणूनच हा लाडू चार वर्षांच्या मुलालाही जमतो. डाळे मिक्सरमध्ये बारीक करून चाळून घ्यावे. २ वाट्या पिठाला १ वाटी पिठीसाखर आणि थोडी वेलचीपूड घालून कोरडेच नीट मिसळावे. वेलची सोलण्याचे काम सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. त्याला त्यात चांगला अर्धा तास जातो. मग सुमारे अर्धी वाटी पातळ केलेले कोमट तूप एकदम न ओतता चमच्याचमच्याने घालत जावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर त्याचा मुटका झाला आणि बोटाने टोचताच तो फुटला, की तूप पुरेसे झाले. एवढी परीक्षा मुलांनाच करू द्यावी. लहान मुलाच्या मुठीतून निघालेल्या लाडवावर चार बोटांचे ठसे उमटलेले असतात. ते गुळगुळीत करण्याच्या भरीस मोठ्यांनी पडू नये.

दुसरा पदार्थ चिरमुऱ्याचे लाडू. यात पाक आहे, म्हणून कामाची वाटणी आधीच स्पष्ट करावी. शेगडीपाशी फक्त मोठे माणूस, आणि चिरमुरे निवडणे, भाजलेले शेंगदाणे सोलून पाखडणे, ताटाला तूप लावणे ही कामे मुलांची. परतीच्या पावसाच्या दिवसांत आमच्याकडे हवा दमट असते आणि चिरमुरे लगेच सादळतात, म्हणून ते कढईत मंद आचेवर ५ मिनिटे परतावेत. बोटांत चुरडल्यावर चुरा झाला की ते तयार झाले. ५ वाट्या चिरमुऱ्यांना १ वाटी चिरलेला गूळ आणि १ चमचा तूप हे प्रमाण पुरते. चिकोडी, हुक्केरी, अथणी हा सगळा उसाचा पट्टा असल्याने आपल्याला गुळाची वाण नाही. या लाडवांसाठी मात्र चिकीचा गूळ मागून घ्यावा. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला की त्याची कडक गोळी व्हायला हवी आणि ती ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजायला हवी. गॅस बंद करून चिरमुरे आणि शेंगदाणे एकदम घालावेत व भरभर ढवळावे. एका वर्षी नेमक्या याच वेळी मुलांनी पूर्ण झालेला किल्ला बघायला मला हाक मारली. मी गेले, आणि परत आले तेव्हा कढईत गुळाचा दगड झाला होता. तेव्हापासून पाक चुलीवर ठेवण्यापूर्वीच मी सगळ्यांना आत बोलावून पाटावर बसवते. मिश्रण हाताला सोसेल इतके निवल्यावर मोठ्यांनी एक लाडू वळून बघावा आणि मगच ओल्या हातांनी मुलांना वळू द्यावे. मिश्रण मध्येच घट्ट झाले, तर कढई क्षणभर मंद आचेवर ठेवावी, ते पुन्हा सैल होते. अगदी लहान मुलांच्या घशात अख्खा शेंगदाणा अडकू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी दाण्याचे कूट वापरावे.

शंकरपाळी सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. १ वाटी साखर, १ वाटी दूध आणि १ वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळवावी, मिश्रण कोमट होऊ द्यावे आणि त्यात चिमूटभर मीठ व मावेल तेवढा मैदा घालून घट्ट पीठ मळावे; साधारण साडेचार ते पाच वाट्या मैदा लागतो. अर्धा तास झाकून ठेवल्यावर जाडसर पोळी लाटून मुलांच्या हाती कातणे द्यावे. चौकोन वाकडे आले तरी चालतील, पण जाडी सारखी हवी, कारण पातळ तुकडे करपतात आणि जाड तुकडे आत कच्चे राहतात, हे मुलांना कारणासह सांगितले की ती स्वतःच पोळी पुन्हा लाटायला मागतात. तळण मोठ्यांनीच करावे, मंद आचेवर, आणि मुलांना तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवावे. आधी एकच शंकरपाळी तेलात सोडावी. ती विरघळू लागली, तर पिठात थोडा मैदा मळावा. दगडासारखी झाली, तर चमचाभर तूप.

चव बघण्यासाठी मुलांना लक्ष्मीपूजनापर्यंत ताटकळत ठेवणे मला पटत नाही. प्रत्येक पदार्थातला नैवेद्याचा वाटा आधी वेगळ्या डब्यात काढून ठेवावा आणि उरलेल्यातले त्यांना लगेच द्यावे. सगळे पूर्ण गार झाल्याशिवाय डबे बंद करू नयेत. चिरमुऱ्याचे लाडू आठवडाभरात संपवावेत, शंकरपाळी पंधरा दिवस चांगली राहते. शेजारी फराळाचे ताट पाठवताना त्यात मुलांनी वळलेले लाडू वरच्या बाजूला ठेवावेत, आणि ताट त्यांच्याच हाती द्यावे.