फुटबॉल मॅनेजर: तरुण खेळाडूचा नाद कधी सोडायचा

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या गेममध्ये क्लब तुम्ही चालवता, आणि अकादमीतून सोळाव्या वर्षी पाच तारे (पुढे किती मोठा होईल याचा प्रशिक्षकांचा अंदाज) घेऊन आलेल्या पोरावर जीव जडतो. तेच पोरगं बाविसाव्या वर्षी राखीव संघात बसून पगार खात असतं आणि त्याला घ्यायला कुणी तयार नसतं. म्हणून सूत्र एकच: इतर क्लबांचा त्याच्यावरचा विश्वास उडायच्या आधी तुमचा उडायला हवा.

आधी ताऱ्यांची भानगड समजून घ्या. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला दोन छुपे आकडे असतात, आत्ताची क्षमता आणि कमाल क्षमता, दोन्ही 200 पैकी. कमाल आकडा ही फक्त वरची मर्यादा आहे. तिथवर न पोचताच कित्येकांची कारकीर्द संपते. तारे मात्र तुमच्या सध्याच्या संघाशी तुलना करून दिले जातात. चॅम्पियनशिपमधून (इंग्लंडची दुसऱ्या पातळीची लीग) प्रीमियर लीगमध्ये चढलात आणि सहा चांगले खेळाडू घेतलेत की पोराचे साडेचार तारे तीनवर येतात, त्याचा खेळ तसूभरही न घसरता. शिवाय तारे देणारा कोण तेही बघा. कमाल क्षमता ओळखण्याचा गुण 20 पैकी 10-11 असलेल्या प्रशिक्षकाच्या अहवालावर कुणाला विकू नका. 15 च्या वरचे दोघे-तिघे गाठून त्यांचे अहवाल ताडून पाहा.

ताऱ्यांपेक्षा वाढीचा वेग खरं बोलतो. खेळाडूच्या भूमिकेला लागणारे सहा गुण निवडा. सेंटर बॅक (मधला बचावपटू) असेल तर हेडिंग, मार्किंग, टॅकलिंग, पोझिशनिंग, उडी आणि वेग. दर जुलै आणि जानेवारीत त्यांची नोंद करा. ढोबळ ठोकताळा असा: 17 ते 20 या वयात, नियमित सामने मिळत असताना, वर्षभरात या सहांची बेरीज तीननेही वाढली नाही तर धोक्याची घंटा. एकूण क्षमता वाढतेय पण विंगरचं (कडेने धावणाऱ्या आक्रमकाचं) टॅकलिंगच सुधारतंय, असंही होतं. तेव्हा दोष पोराचा नसतो. वैयक्तिक सरावातली भूमिका बदला आणि सहा महिने द्या.

वाढ थांबलेली दिसली की निकाल देण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, सामने. साधारण अठरापर्यंत चांगला सराव आणि सुविधा यांवर भागतं, पुढे खऱ्या सामन्यांशिवाय गाडी हलत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा अंडर-21 संघात दोन हंगाम काढत असेल तर तो वाया तुम्हीच घालवताय. दुसरी, दुखापत. लांबलचक दुखापतीनंतरचा हंगाम हिशोबात धरू नका, पण वारंवार स्नायू दुखावत असतील तर ती सवय सुटत नाही. तिसरी, स्वभाव, आणि सगळ्यात जास्त वजन याला द्या. ‘मॉडेल सिटिझन’, ‘प्रोफेशनल’, ‘रेझोल्यूट’, ‘ड्रिव्हन’ असा मेहनती स्वभाव गेममध्ये लिहिलेल्याला एक वर्ष जास्त द्या. ‘स्लॅक’ किंवा ‘कॅज्युअल’, म्हणजे आळशी, असेल तर त्याला पहिल्या संघात आणून दोन चांगल्या स्वभावाच्या ज्येष्ठांसोबत मेंटरिंग गटात टाका, म्हणजे त्यांचं वळण याला लागेल. सहा-आठ महिन्यांत स्वभावाचा शब्द बदलला नाही, तर अशांची कमाल क्षमता कागदावरच राहते.

आता लोन, म्हणजे पोराला काही काळ दुसऱ्या क्लबाला उसना देणं. खालच्या लीगमधला असा क्लब शोधा जिथे तो नियमितपणे पहिल्या अकरात असेल, त्याच्याच जागी खेळेल आणि सरावाच्या सुविधा बऱ्या असतील. परत बोलावण्याची अट घालाच. डिसेंबरअखेर 900 मिनिटंसुद्धा झाली नसतील तर जानेवारीत परत आणून दुसरीकडे पाठवा. एका फसलेल्या लोनवरून निकाल देऊ नका. हॅरी केन लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच आणि लेस्टर असा फिरला आणि 2014-15 मध्ये, एकविसाव्या वर्षी, आपल्या मूळ क्लबासाठी, टॉटनहॅमसाठी, लीगमध्ये 21 गोल करून मोकळा झाला. मात्र खालच्या लीगमध्ये दोन पूर्ण हंगाम खेळूनही सामन्यांतलं सरासरी रेटिंग 10 पैकी 6.8 च्या खाली असेल, तर प्रश्न मिटला.

वयाची रेषा जागेनुसार आखा. वेगावर जगणारा विंगर 21 व्या वर्षी पहिल्या संघाच्या आसपास नसेल तर विका. सेंटर बॅकला 22-23 पर्यंत थांबा. गोलकीपर उशिरा पिकतो, त्याला 24 पर्यंत हात लावू नका.

विकायची उत्तम वेळ म्हणजे 19-20, चांगल्या लोननंतरचा उन्हाळा. ताऱ्यांची चमक तेव्हा टिकून असते आणि संगणकाचे क्लब वयाला पैसे मोजतात. मन धजत नसेल तर पुढच्या विक्रीतले 20-30 टक्के मागा, जमलं तर परत विकत घेण्याची अटही. रोख थोडी कमी मिळेल, पण झोप लागेल.

अपवाद एकच, आणि तो कामाचा. युरोपातल्या स्पर्धेसाठी 25 जणांच्या यादीत आठ जागा देशात घडलेल्यांसाठी असतात, त्यातल्या चार तुमच्याच क्लबात घडलेल्यांच्या. त्यासाठी 15 ते 21 या वयात तीन हंगाम क्लबात काढावे लागतात. म्हणून मध्यम कुवतीच्या घरच्या पोराला तिसरा गोलकीपर किंवा चौथा सेंटर बॅक म्हणून ठेवणं परवडतं, त्याचा पगार वाढत नाही तोवर. कराराचं शेवटचं वर्ष लागलं आणि एजंटने पहिल्या संघाच्या खेळाडूइतकी मागणी केली, की लगेच विक्रीच्या यादीत टाका. जानेवारी उलटली तर तो फुकट जाईल.