कोबाल्ट उत्प्रेरकाच्या आधारावर लेप देताना या चुका टाळा

कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून द्रव इंधन बनवणाऱ्या फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेत उत्प्रेरक मंद निघाला, की संशोधक विद्यार्थी बहुधा कोबाल्टचे प्रमाण वाढवतात. माझ्या मते हीच पहिली चूक होय, कारण दोष पुष्कळदा धातूत नसून त्याखालच्या पृष्ठभागात, म्हणजे धातूचे कण ज्यावर बसवतात त्या सच्छिद्र आधारात असतो. आधार ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) असेल, तर त्याच्याशी संयोग पावलेल्या कोबाल्टचे ॲल्युमिनेट बनते आणि ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला होणाऱ्या नेहमीच्या क्षपणात (हायड्रोजनने ऑक्सिजन काढून टाकण्याच्या क्रियेत) ते धातुरूपात येत नाही. हा संयोग रोखण्यासाठीच ॲल्युमिनावर सिलिकाचा (सिलिकॉन डायऑक्साइडचा) पातळ लेप देतात.

लेप दिल्यावर मात्र आधार नवाच झाला, असे समजावे. छिद्रांचे आकारमान घटलेले असताना जुन्याच मापाने कोबाल्ट नायट्रेटचे द्रावण ओतले, तर जादा द्रावण कणांबाहेर राहते आणि वाळताना तेथेच कोबाल्टचे मोठे गठ्ठे जमतात. म्हणून लेपित आधार किती पाणी शोषतो हे पुन्हा मोजावे. लेप विरळ राहिल्यास ॲल्युमिना जागोजागी उघडा पडतो, जाड झाल्यास छिद्रांची तोंडे बुजतात.

मुंबईच्या पावसाळ्यात, प्रयोगशाळा माटुंग्याला असो वा पवईला, हवेतील ओलावा हे काम सहज बिघडवतो. आधार नीट सुकवलेला नसेल, तर ज्यापासून सिलिकाचा लेप बनतो त्या टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेटचे विघटन अनियंत्रित होऊन सिलिका पृष्ठभागावर न बसता द्रवातच गोळा होते. कोबाल्ट नायट्रेटही ओलावा शोषून पाघळते, त्यामुळे तराजूवरचे वजन बरोबर दिसले तरी त्यात कोबाल्ट कमी भरतो. आधार ओव्हनमधून काढून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावा आणि द्रावणातील कोबाल्ट अनुमापनाने (टायट्रेशनने) तपासावा; यासाठी खर्च होणारा तासभर मला कधीही वाया गेलेला वाटला नाही.

तापमान वाढवत केलेल्या क्षपणात हायड्रोजन किती खर्च झाला, हे दाखवणारा आलेख वाचतानाही घाई नको. उरलेले नायट्रेटही हायड्रोजन खाते, त्यामुळे कमी तापमानाचे प्रत्येक शिखर कोबाल्टचे मानू नये. क्षपण सुधारले म्हणजे काम झाले, असेही नाही: आधाराची पकड सैल झाल्याने कण मोठे झाले, तर पृष्ठभागावरील धातू घटतो, आणि साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कणांची क्रियाशीलताही उतरते.

लेपित आणि अलेपित नमुन्यांची तुलना समान रूपांतरणालाच, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा सारखाच वाटा वापरला गेला असतानाच करावी. रूपांतरण वाढले की अभिक्रियेत बनणाऱ्या पाण्याची वाफ वाढते, आणि तीच वाफ लहान कणांचे पुन्हा ऑक्सिडीकरण करू शकते.