कॅरोलायनात नवीन आलात? एक रविवार पोर्क शोल्डरसाठी राखून ठेवा

ऑगस्ट आला की नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीच्या विमानतळावर दोन-दोन मोठ्या बॅगा ढकलत आपली मुलं-मुली उतरायला लागतात. कुणी एनसी स्टेट विद्यापीठात, कुणी ड्यूकला, कुणी रिसर्च ट्रायँगलमधल्या एखाद्या कंपनीत. मला येणारे प्रश्न ठरलेले असतात: अपार्टमेंट कुठे बघू, गाडी कधी घेऊ, तूरडाळ कुठे मिळेल? तूरडाळीची चिंता सोडा. केरी आणि मॉरिसव्हिलमध्ये भारतीय दुकानं भरपूर आहेत. पण महिना-दोन महिने झाले की कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, ऑफिसात सगळे सारखं बार्बेक्यू बार्बेक्यू करतात. ते घरी जमतं का?"

जमतं. आपल्या अपार्टमेंटमधल्या साध्या ओव्हनमध्येसुद्धा जमतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुम्ही पोर्क खात नसाल, तरी रूममेट आणि भाज्यांबद्दल जे लिहिलंय तेवढं वाचाच.

आधी शब्द समजून घ्या. नॉर्थ कॅरोलायनात 'बार्बेक्यू' म्हणजे शेगडीवर काहीतरी भाजायची पार्टी नव्हे. त्याला इथे 'कुकआऊट' म्हणतात. बार्बेक्यू म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवून, मग हाताने सोडवलेलं किंवा सुरीने बारीक केलेलं डुकराचं मांस. आणि त्याचेही दोन पंथ आहेत. रॉलीच्या पूर्वेला अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर शिजवतात आणि वर फक्त व्हिनेगर, मीठ, मिरची. पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे फक्त खांद्याचा भाग घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडा केचप मिसळतात. कोबीचं स्लॉही, म्हणजे कच्च्या कोबीची कोशिंबीर, तिथे त्याच लालसर पाण्यात कालवलेलं असतं. लेक्सिंग्टनला 1984 पासून ऑक्टोबरमध्ये बार्बेक्यूचा मोठा उत्सव भरतो. पूर्वेकडचा प्रकार खायचा तर ग्रीनव्हिलजवळच्या एडन गावातलं स्काईलाईट इन गाठा. 1947 पासून चालू आहे. तिथे मांसाबरोबर कुरकुरीत कातडीही बारीक करून मिसळतात, आणि लाकडी ओंडक्यावर सुरे पडत असल्याचा आवाज जेवताना सतत कानावर येत राहतो. हे सगळं ज्या हातांनी उभं केलं, त्यांत गुलामगिरीच्या काळापासून मांस शिजवायच्या खड्ड्यातला विस्तव रात्रभर राखणारे कृष्णवर्णीय आचारी होते. इथे कुणी आपल्या आजोबांच्या खड्ड्याची गोष्ट सांगायला लागलं, तर घाई न करता ऐका.

मी वसईची. आमच्याकडे नाताळ आला की डुकराचं इंद्याल आणि सरपटेल घरोघरी शिजतं. इंद्यालमध्ये मिरची, लसूण आणि व्हिनेगर. 1534 ते 1739 वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. मांस वाईन आणि लसणीत मुरवायची त्यांची पद्धत आपल्या किनाऱ्यावर राहिली. तिचंच गोव्यात विंदालू झालं, आमच्याकडे इंद्याल. इथे आल्यावर पूर्वेकडच्या बार्बेक्यूचा पहिला घास घेतला आणि व्हिनेगरचा तो आंबट झटका जिभेला लागला, तेव्हा परक्या मुलुखात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं. मसाला नव्हता, लसूण नव्हती, पण चरबीला आंबटाने कापायचं हे त्या लोकांनाही कळलेलं होतं.

आता बाजार. इथेच बहुतेकांचं चुकतं. माझंही चुकलं होतं. आपण मटण घेताना चरबी काढून मागतो, त्याच सवयीने मी पहिल्यांदा दुकानातून सगळ्यात स्वच्छ, गुलाबी, चरबी नसलेला तुकडा उचलला. तो पाठीचा, म्हणजे लॉइन होता. सहा तास शिजवला आणि हातात काथ्या आला. या पदार्थाला हवा खांदा. पाकिटावर 'पोर्क शोल्डर', 'पोर्क बट' किंवा 'बॉस्टन बट' लिहिलेलं असतं. 'बट' या शब्दाने फसू नका, तो मागचा भाग नाही, खांद्याचा वरचा भाग आहे. 'पिकनिक' म्हणजे त्याच्या खालचा, पायाकडचा. तोही चालतो, पण त्यावर कातडी असते आणि मांस जरा कमी निघतं. हाडासकट घ्या. मांसाच्या दुकानातला हा जवळजवळ सगळ्यात स्वस्त तुकडा, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तेच बरं. आठ पाउंडांचा, म्हणजे साडेतीन किलोच्या थोडा वरचा तुकडा घेतलात तर शिजून, हाड-चरबी जाऊन साडेचार-पाच पाउंड उरतं. दहा-बारा माणसं पोटभर जेवतात.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. मांसात मिठाचं पाणी टोचलेलं असेल तर 'सोल्युशन' असं लिहिलेलं असतं आणि पुढे टक्केवारी असते. तसं असेल तर तुमचं मीठ निम्मं करा. मेक्सिकन खाटिकांच्या दुकानांतही खांदा छान मिळतो, आणि तिथे हवा तेवढा कापून देतात. दोघंच असाल तर चार पाउंडांचा घ्या. गोठवलेला आणला असेल तर ओट्यावर ठेवून वितळवू नका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटात ठेवा. आठ पाउंडांना पुरते दोन दिवस लागतात. आणि मांस नळाखाली धुवायची आपली सवय इथे सोडा. ते पाणी उडून सिंकमधल्या भांड्यांवर जातं. कागदी टॉवेलने टिपून घेतलं की पुरे.

पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही तीन-चार जण मिळून घर घेतलं असेल. त्यात कुणी शाकाहारी, कुणी मुसलमान, कुणी मटण-चिकन खाणारा पण डुक्कर न खाणारा असेल. पोर्क आणायच्या आधी त्यांना विचारा. आणल्यावर सांगू नका. हा वास बारा तास घरात राहतो, गाद्यांत आणि जॅकेटांत जाऊन बसतो. ज्याला तो नको आहे त्याला त्या दिवशी लायब्ररीत किंवा मित्राकडे जायची सोय करता आली पाहिजे. ताट, सुरी, मांस कापायचा पाट वेगळे ठेवा. ओव्हनमध्ये फेकून द्यायचं ऍल्युमिनियमचं भांडं वापरा, ते कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतं. आपल्या घरांतून ओव्हन हा कढया-तवे ठेवायचा फडताळ असतो, तर ते आधी बाहेर काढा, आणि रूममेटचा डोशाचा तवा त्यात असेल तर तो धुऊन त्याच्या कपाटात ठेवा. एवढ्याशा गोष्टींवरून वर्षभराची अढी बसलेली मी पाहिली आहे.

आणि शाकाहारी मंडळींसाठी: इथल्या हॉटेलात कॉलर्ड नावाची पालेभाजी, फरसबी, पांढऱ्या घेवड्याची उसळ यांत बऱ्याचदा डुकराचं हाड किंवा चरबी घातलेली असते. भाजी आहे म्हणून गृहीत धरू नका, दर वेळी विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

बाल्कनीत कोळशाची शेगडी लावायचा विचार असेल तर आधी भाडेकरार काढून वाचा. लाकडी बांधणीच्या अपार्टमेंटमध्ये सहसा त्याला मनाई असते, आणि आगीचा धोका खरा असतो. ओव्हनमध्ये करा. निखाऱ्यांचा धूर त्यात येणार नाही, हे कबूल. पण मऊपणा येतो, आणि मऊपणाच आपल्याला साधायचा आहे.

आदल्या रात्री आठ पाउंडांना चार छोटे चमचे बारीक मीठ, तीन मोठे चमचे ब्राऊन शुगर, दोन मोठे चमचे पॅप्रिका, एक-एक मोठा चमचा मिरपूड आणि लसणीची पूड, आणि छोटा चमचाभर तिखट एकत्र करून तुकड्याला सगळीकडून चोळा. पॅप्रिका नसेल तर घरून आणलेलं काश्मिरी तिखट घाला, रंग तोच येतो. गरम मसाला, धणे-जिरे नको. पहिल्या वेळी तरी नको. उघडाच फ्रिजमध्ये ठेवा.

पहाटे साडेपाचला ओव्हन 250 फॅरनहाईटवर लावा, म्हणजे 120 सेल्सिअसच्या आसपास. चरबीची बाजू वर ठेवून भांडं आत सारा. पाणी घालू नका, झाकू नका. आणि दार उघडून बघत बसू नका. वीसेक डॉलरात मांसात खुपसायचा थर्मामीटर येतो, तो आधीच घेऊन ठेवा. या पदार्थात ओव्हनखालोखाल तोच कामाचा.

पाचेक तासांनी एक गंमत घडते, आणि नवीन माणूस तिथेच घाबरतो. मांसाचं तापमान 150-160 फॅरनहाईटपर्यंत छान चढतं आणि मग अडून बसतं. तास जातो, दोन तास जातात, काटा हलत नाही. ओव्हन बिघडलेला नसतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं तेच इथे होतं: मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि जाता-जाता उष्णता घेऊन जातं. मी एकदा याच टप्प्यावर, पाहुणे यायची वेळ झाली म्हणून, 165 ला तुकडा बाहेर काढला. खायला तो सुरक्षित होता. डुकराच्या अखंड तुकड्याला 145 आणि वर तीन मिनिटं थांबणं पुरतं. पण काटे खुपसून ओढलं तर धागा सुटेना. शेवटी सुरीने काप करून वाढले, आणि सगळे बराच वेळ चावत बसले.

खांदा म्हणजे जनावराचा दिवसभर राबणारा भाग. त्यात स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट कोलॅजन असतं. 160 च्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, पायाच्या सुपाला बोटं चिकटतात ना, तेच. हे काम आच वाढवून उरकत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. काटा 165 च्या आसपास आला आणि वरची साल गडद तपकिरी झाली, की भांड्यावर ऍल्युमिनियम फॉइलचे दोन थर घट्ट बसवा. वाफ कोंडली की काटा पुन्हा चालू लागतो. मग 195 ते 205 येईपर्यंत वाट बघा. आठ पाउंडांना सगळे मिळून दहा ते बारा तास धरा, चार पाउंडांना सहा-सात. पण आकड्यापेक्षा हाताचा अंदाज खरा: थर्मामीटरची सळई लोण्यात जावी तशी गेली पाहिजे, आणि हाड धरून हलवलं तर सुटं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर अजून अर्धा तास.

लगेच सोडवायला घेऊ नका. फॉइलमध्येच तासभर राहू द्या. पाहुण्यांना उशीर असेल तर जुन्या टॉवेलांत गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये, म्हणजे सहलीला नेतात त्या बर्फाच्या पेटीत, ठेवा, दोन-तीन तास गरम राहतं. म्हणूनच लवकर सुरुवात करा. लवकर झालेलं थांबवता येतं, उशिरा होणारं घाईने पुढे नेता येत नाही.

मग हाड धरून हलकेच ओढा. ते कोरडं, पांढरं, स्वच्छ बाहेर येतं. पहिल्यांदा ते असं अलगद हातात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला हाका मारल्या होत्या. दोन काट्यांनी धागे सोडवा, चरबीचे मोठे गोळे काढा, पण काळी साल टाकू नका. ती बारीक करून आत मिसळा, चव तिच्यात आहे. भांड्यातल्या रसावरची चरबी चमच्याने काढून उरलेला रस मांसात परत ओता.

सॉस तीन-चार दिवस आधी करून ठेवलात तर उत्तम. दोन कप सफरचंदाचं व्हिनेगर, मोठा चमचाभर लाल मिरचीचे फ्लेक्स, दोन छोटे चमचे मीठ, एक छोटा चमचा मिरपूड, मोठा चमचाभर ब्राऊन शुगर. हलवून विरघळवा, बाटलीत भरा. गरम मांसावर अर्धा-पाऊण कप शिंपडा, बाकीची बाटली टेबलावर. जाड, गोड, लाल सॉसच्या बाटल्या दुकानात रांगेने असतात, पण आपल्या जिभेला हाच जवळचा वाटेल. सोबत मऊ बन, कोबीचं स्लॉ. स्लॉ सँडविचच्या आतच घालतात.

स्लो कुकर असेल तर 'लो'वर आठ-दहा तास. मऊ होतं, साल मात्र येत नाही, त्यामुळे शेवटी ट्रेवर पसरून ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या कडक आचेखाली, पाच मिनिटं ठेवा आणि तिथेच उभे राहा, धुराचा अलार्म लगेच वाजतो. इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरमध्ये, मुठीएवढे तुकडे करून तासाभरात होतं. कामाच्या दिवशी ठीक आहे.

दहा माणसांचं जेवण एका तुकड्यात होतं, तर दोघा-तिघांत संपवायला बसू नका. शेजारच्या दाराची घंटी वाजवा, लॅबमधल्या मुलांना बोलवा. कोण पोर्क खात नाही हे आधी विचारून त्यांच्यासाठी राजमा किंवा छोल्यांचं भांडं वेगळं करा. मी इथे आल्यावर पहिलं वर्ष फक्त मराठी घरांत जेवले. शेजारच्या कॅरोलायनाच्या आजींशी बोलणं सुरू झालं ते मी त्यांना एका डब्यात हे मांस नेऊन दिलं तेव्हा. त्यांनी उभ्या-उभ्याच एक घास खाल्ला, "व्हिनेगर कमी पडलंय" म्हणाल्या, आणि आतून आपली बाटली आणून माझ्या हातात ठेवली. वरचं सॉसचं प्रमाण त्यांनी दुरुस्त केलेलं आहे.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाका. तीन-चार दिवस टिकतं, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. दुसऱ्या दिवशी आम्ही पातळ चिरलेला कांदा तेलात लाल करतो, त्यावर चमचाभर बाटली मसाला (वसईच्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा करून बाटल्यांत भरतात तो), दोन हिरव्या मिरच्या, मग हे मांस, आणि शेवटी त्याच सॉसचा एक शिडकावा. पाव इथे आपल्यासारखा मिळत नाही, पण हवाईयन रोल म्हणून छोटे गोडसर पाव मिळतात, ते तव्यावर लोणी लावून भाजा. बाटली मसाला संपला असेल तर मला कळवा, डिसेंबरात आईकडून नवी बाटली येते.