नेहरू आणि कामगार चळवळ: युनियनचा अभ्यासवर्ग असा घ्या

नागपुरात गेली अठरा वर्षं मी युनियनचे अभ्यासवर्ग घेतोय. नेहरूंचं नाव निघालं की दहा मिनिटांत वर्गाचे दोन तट पडतात. एक म्हणतो ते आपले, दुसरा म्हणतो मालकांचे. वाद पेटायच्या आत फळ्यावर दोन सालं लिहा, 1929 आणि 1960. वर्ग होता होईल तो या दोन सालांभोवतीच ठेवा.

सुरुवात झरिया या कोळसाखाणींच्या गावापासून करा. डिसेंबर 1928 मध्ये आयटकचं, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार संघटनेचं, अधिवेशन तिथं झालं. मवाळांनी अध्यक्षपदासाठी नेहरूंना उभं केलं आणि जहालांनी एका रेल्वे कामगाराला. नेहरू निवडणुकीच्या दिवशी तिथं नव्हते, तरी निवडून आले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं की, मी हजर असतो तर त्या कामगारासाठी माघार घेतली असती. हा उतारा वर्गातल्या सगळ्यांत तरुण कामगाराकडून मोठ्यानं वाचून घ्या. वाचून झाल्यावर लगेच बोलू नका. त्यांचा तो संकोच खरा होता असं मी मानतो, आणि पोरांनाही तो आधी जाणवू द्या.

मग मार्च 1929. मीरत खटल्यासाठी, म्हणजे ब्रिटिश सरकारनं कम्युनिस्ट आणि कामगार नेत्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यासाठी, डांगे, मिरजकर, घाटे यांच्यासह देशभर धरपकड झाली. त्यांच्या बचाव समितीत मोतीलाल आणि जवाहरलाल दोघंही होते. मतभेद असूनही ते उभे राहिले, हे ठासून सांगा. वर्षाच्या शेवटी आयटकचं अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं, अध्यक्ष नेहरू. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्कार घालायचा की नाही, यावरून संघटना फुटली. नेहरूंचा कल बहिष्काराकडे होता, पण फूट त्यांना थांबवता आली नाही. मवाळ गटाचे नेते ना. म. जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. इथं वर्गातलं कोणी ना कोणी जोशींना गद्दार म्हणतं. ते चालू देऊ नका. 1920 पासून संघटना उभी करण्यात त्या माणसानं हाडं झिजवली होती. मुंबईच्या डिलाइल रोडला उगाच त्यांचं नाव दिलेलं नाही.

मधला काळ भराभर उरका. फक्त एक करा. ज्यांच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, कार्ड आहे त्यांना ते वर धरायला सांगा. ही योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूरला नेहरूंच्याच हस्ते सुरू झाली.

आता खडू घ्या आणि 1957 चं गणित मांडा. यावर घाई नको, निम्मा वेळ इथंच जाऊ द्या. त्या वर्षी पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि युनियन यांनी मिळून गरजेवर आधारित किमान वेतनाचा हिशोब ठरवला. कमावत्या माणसामागे उपभोगाची तीन एककं: पुरुष 1, बाई 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6. प्रौढाला रोज 2700 कॅलरी, चौघांना वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि एकूण वेतनाच्या 20 टक्के जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चाला. प्रत्येकानं आपल्या गल्लीतल्या वाण्याच्या भावानं हिशोब करायचा. मागच्या वर्गात एका ताईंनी विचारलं, "सर, दोन पाळ्या मी ओढते, एक घरची, एक बाहेरची. मग मी 0.8 कशी?" असा प्रश्न आला की उत्तर देऊन मोकळे होऊ नका, तो फळ्यावर लिहा.

त्या आकड्यांखाली 1960 चा संप मांडा. केंद्र सरकारचे कर्मचारी, इतर मागण्यांबरोबर, हेच गरजेवर आधारित वेतन मागत होते. 11 जुलैच्या मध्यरात्री संप सुरू झाला. नेहरूंच्या सरकारनं वटहुकूम काढून अत्यावश्यक सेवांमधले संप बेकायदा ठरवले. पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला. माझे वडील आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. त्या पाच दिवसांत ते घरी झोपायला आले नाहीत. आमच्या भिंतीवर नेहरूंचा फोटो होता. परतल्यावर वडील त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. फोटो त्यांनी उतरवला नाही, पण त्यानंतर त्याला हारही घातला नाही.

शेवटी नेहरू आपले की मालकांचे, यावर हात वर करायला लावू नका. बाहेर असताना माणूस काय करतो आणि सरकार झाल्यावर काय करतो, हे दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी असू द्या. हिशोबाचे कागद मात्र गोळा करा, नाव आणि कामाचं खातं लिहून घ्या, आणि पुढच्या मागणीपत्राच्या फाईलला लावून ठेवा. ताईंचा प्रश्नही त्यात टाका.